खरखर किती काढायची? पोस्ट-पंकचे एलपी आणि कॅसेट संगणकावर घेतानाच्या नोंदी

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये लीड्सला डॉक्टर होता. तिथे जमवलेले एलपी आणि कॅसेट त्याने परतताना सोबत आणले. आता तो बंगला सोडून फ्लॅटमध्ये गेल्यामुळे सगळी खोकी माझ्याकडे, पुण्याला आली आहेत. त्याची अट एकच: सगळं संगणकावर घेऊन त्याला द्यायचं. बहुतेक संगीत १९७७ ते १९९१ मधलं आहे. आधी ब्रिटिश पोस्ट-पंक, म्हणजे पंकमधून निघून वेगळ्या वाटेने गेलेलं रॉक, मग अमेरिकन ऑल्टरनेटिव्ह रॉक. असंच काम हाती घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतो आहे. अल्बमबद्दल जे वाटलं तेही याच नोंदींत येईल, कारण कुठल्या रेकॉर्डला कुठलं सेटिंग हे त्या संगीतावरूनच ठरवावं लागतं.

८ जून

खोकी उघडली. कव्हरांना ओल लागली आहे आणि तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. लाकडी कपाटात भिंतीला टेकून ठेवलेल्या मालाचं आपल्याकडच्या पावसाळ्यात हेच होतं. बुरशी असलेल्या तबकड्या लगेच वेगळ्या केल्या. जुनी कागदी पाकिटं फेकून नवी आणली. एकदा बुरशी लागलेलं पाकीट परत वापरलं तर धुण्याचा काही उपयोग नाही. छापील कव्हरं मात्र कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवली.

यंत्रं: दादाचाच टर्नटेबल, त्याचाच कॅसेट डेक. दोन्ही बरीच वर्षं बंद. नवीन घेतलं ते आवाज संगणकात नेणारं यूएसबी ऑडिओ इंटरफेस (७,५०० रुपये) आणि टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप (२,८०० रुपये). सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि पुरतं.

१५ जून

धुलाई. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल. मधलं लेबल भिजू द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. भांड्यांच्या जाळीत उभ्या ठेवून वाळवल्या. पंखा लावू नका, धूळ येऊन ओल्या खाचेत बसते. या हवेत वाळायला फार वेळ लागतो, रात्रभर धरून चला. सगळं सामान मिळून ६०० रुपये.

बुरशी गेली. तिने जिथे खाच खाल्ली आहे तिथली खरखर राहणार.

२२ जून

टर्नटेबलचा बेल्ट सैल होता, स्वर खाली लोंबत होते. पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत त्या मापाचा मिळाला, ४५० रुपये. सुई बदलली, ३,२०० रुपये. झिजलेल्या सुईने ऐकून पाहण्याचा मोह टाळा. ती प्रत्येक फेरीत खाच थोडी कापत जाते.

त्यानंतर घरघर. पन्नास हर्ट्झची, सगळ्या गाण्यांखाली. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीअँपच्या स्क्रूला लावल्यावर निम्मी गेली. उरलेली लॅपटॉपच्या चार्जरमधून येत होती. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की गेली. खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटरही बारीक आवाज सोडतो, तो बंद. या एका घरघरीत आठवडा गेला, आणि ती गेली की नाही हे कळलं ते गँग ऑफ फोरच्या 'एन्टरटेनमेंट!'मुळे.

२९ जून

'एन्टरटेनमेंट!', १९७९. लीड्सचीच मंडळी, दादाच्या खोक्यात हा अल्बम सगळ्यात वर होता. गिटारवाल्या अँडी गिलला व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा उबदार आवाज नको होता, तो ट्रान्झिस्टरवालं अँप वापरायचा. गिटार कोरडी, अडकित्त्याने सुपारी कातरावी तशी तुकड्यातुकड्याने येते आणि मधे पूर्ण थांबते. रॉकमध्ये जिथे सोलो यायचा तिथे गिल वाजवणंच बंद करतो. बास आणि ड्रम पुढे चालू राहतात आणि ऐकणारा त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहतो. मला हा अल्बम याच थांबण्यासाठी आवडतो. त्या जागांमध्ये घरघर असेल तर लपत नाही. चाचणीसाठी कुठली रेकॉर्ड घ्यावी असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

शेवटचं 'अँथ्रॅक्स' दुसऱ्या चाचणीला उपयोगी. लांब फीडबॅकनंतर एक आवाज गातो आणि त्याच वेळी दुसरा आवाज सपाट सुरात वेगळंच काही बोलतो, दोघे स्टीरिओच्या दोन वेगळ्या बाजूंना. एकातलं दुसऱ्यात किती सांडतं हे हेडफोनवर सरळ कळतं. माझ्याकडे सुरुवातीला बरंच सांडत होतं. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, किंचित तिरकं बसलं होतं. सरळ केल्यावर दोन माणसं वेगळी झाली, आणि मुळात गाणं तसंच हवं आहे: प्रेमगीतं एवढी का लिहिली जातात याचा हिशोब एक जण मांडतो आहे आणि दुसरा प्रेमाला रोग म्हणत गातो आहे. दोन्ही एकदम समजून घेता येत नाहीत, दर वेळी एकाला सोडावं लागतं.

६ जुलै

जॉय डिव्हिजन, 'अननोन प्लेझर्स'. इथे या सगळ्या कामाचा मुख्य प्रश्न समोर आला.

एलपीवरची टकटक काढायला ऑडॅसिटीत क्लिक रिमूव्हल आहे. इतर एका रेकॉर्डवर ठीक चाललेलं सेटिंग इथे वापरलं. शेवटच्या 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये काच फुटते, ते आवाज बोथट झाले. प्रोग्रॅमला काच आणि ओरखडा यांतला फरक कळत नाही, दोन्ही अचानक उसळणारे टोकदार आवाज. तो सगळा भाग रद्द करून मूळ फाइलवर परत आलो. आता नियम असा: क्लिक रिमूव्हल संपूर्ण बाजूवर कधीच चालवायचं नाही. कानाने ऐकून, एकेक ठोका निवडून, तेवढ्यावरच. एका बाजूला एक संध्याकाळ जाते. जाऊ दे.

हे करताना अल्बम जितक्या बारकाईने ऐकला तितका आधी कधीच ऐकला नव्हता. निर्माता मार्टिन हॅनेट. एप्रिल १९७९, स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ. 'इनसाइट'च्या सुरुवातीला ऐकू येते ती स्टुडिओतली लिफ्ट. डिजिटल डिले, म्हणजे आवाज किंचित उशिराने पुन्हा ऐकवणारं यंत्र, तेव्हा अगदी नवा होता, हॅनेटने तो ड्रमवर लावला. बँडमधल्या बर्नार्ड समनर (गिटार) आणि पीटर हुक (बास) यांना हा अल्बम तेव्हा आवडला नव्हता. रंगमंचावर ते कितीतरी आक्रमक वाजवत आणि हॅनेटने ते सगळं थंड करून टाकलं, अशी त्यांची तक्रार. मला हॅनेटचं पटतं. प्रत्येक वाद्य दुसऱ्यापासून लांब उभं आहे, आणि इअन कर्टिसचा आवाज त्या अंतरांमधून चालत येतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात, २३ वर्षांचा असताना, कर्टिसने आत्महत्या केली. ते मनात ठेवून ऐकलं की प्रत्येक ओळीत तेच दिसायला लागतं. मी ते बाजूला ठेवून ऐकायचा प्रयत्न करतो. या चौघांनी ते संगीत एका तरुण बँडचा पहिला अल्बम म्हणून वाजवलं होतं.

कव्हर पुसताना थोडं थांबलो. काळ्यावर पांढऱ्या रेघांचं ते डोंगरांसारखं चित्र म्हणजे सीपी १९१९ या पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचे, एकामागोमाग आलेले ८० स्पंद, एकाखाली एक मांडलेले. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडलेला हा पहिला पल्सार, दर १.३३७ सेकंदाला एक स्पंद. आकृती अमेरिकेतल्या हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या पीएचडी प्रबंधातली. ती एका खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात छापली गेली, तिथून बँडला मिळाली, आणि कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलने काळ्या पार्श्वभूमीवर उलटवली. पल्सारचे स्पंद टिपायचं काम आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना करतात. आजूबाजूच्या मोबाइलच्या आणि विजेच्या गोंगाटातून तो ठोका वेगळा काढताना ठोका बिघडू द्यायचा नाही, ही त्यांची रोजची डोकेदुखी. या आठवड्यात मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटली.

१३ जुलै

वायर, 'पिंक फ्लॅग', १९७७. साधारण ३५ मिनिटांत २१ गाणी. शांतता ओळखून आपोआप तुकडे करायची सोय इथे पूर्ण फसते. गाण्यांमधलं अंतर नावापुरतं आहे, आणि गाण्यांच्या आतले झटके त्याहून मोठे. 'फील्ड डे फॉर द संडेज' तर २८ सेकंदांचं. प्रोग्रॅमने दोन दोन गाणी एकत्र बांधली आणि एकाचे तुकडे केले. शेवटी कव्हरवरची यादी समोर ठेवून हाताने खुणा केल्या.

शब्द संपले की गाणं संपवायचं, हा त्यांचा हिशोब. कडवं परत नाही, शेवटी लांबण नाही. पंकचाच मालमसाला घेऊन वर्षभराच्या आत पंकच्या बाहेर पडलेला अल्बम. खुणा करताना तो सलग पुन्हा पुन्हा ऐकला गेला आणि एकदाही कंटाळा आला नाही.

२० जुलै

पब्लिक इमेज लिमिटेडचा 'सेकंड एडिशन', दोन एलपी. हाच अल्बम नोव्हेंबर १९७९ मध्ये आधी 'मेटल बॉक्स' म्हणून आला होता: सिनेमाच्या रिळाच्या पत्र्याच्या डब्यात तीन १२ इंची तबकड्या, ४५ च्या वेगाने वाजणाऱ्या. जास्त वेग आणि एका बाजूला जेमतेम दहा मिनिटांचं संगीत, त्यामुळे खाच रुंद कापता येते आणि जाह वॉबलच्या बासला पाहिजे तेवढी जागा मिळते. ३३ च्या दोन एलपींत तो थोडा आवळलेला येतो. इक्वलायझरने बास वाढवून पाहिला. खालचा गोंगाट तेवढा वाढला, बास नाही. वाढवलेलं काढून टाकलं.

वेळ गेला तो दुसऱ्याच कारणाने. 'अल्बाट्रॉस' रेकॉर्ड करताना स्पीकर चालू होते. बासने टेबल हलत होतं, टेबलामुळे सुई, आणि सुईतून तोच आवाज परत. तरंगरेषेत तळाशी एक जाड लाट दिसत होती. रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनच लावा आणि टर्नटेबल जड शहाबादी फरशीवर ठेवा. फरशी गच्चीतच पडलेली होती.

'पॉपटोन्स'मध्ये कीथ लेव्हीनची गिटार गोल गोल फिरत राहते आणि कुठेच पोहोचत नाही. पळवून नेलेल्या माणसाचं गाणं आहे, गाडीत कॅसेट वाजते आहे. मला ते रात्री ऐकवत नाही.

२७ जुलै

टेलिव्हिजन, 'मार्की मून', १९७७, न्यूयॉर्क. शीर्षकगीत एलपीवर दहा मिनिटं व्हायच्या आत हळूहळू विरतं. नेटवर ऐकलेलं १० मिनिटं ४० सेकंदांचं आहे आणि पूर्ण शेवटापर्यंत जातं. रेकॉर्डिंग कापलं गेलं असं समजून ती बाजू परत घेऊ नका: मूळ एलपीवर फेडआउटच आहे, पूर्ण शेवट नंतरच्या सीडीवर आला. दादाच्या प्रतीत जे आहे तेच ठेवलं.

टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, दोन गिटार एकमेकींना उत्तर देत वर चढतात. या खोक्यातला सर्वांत मोकळ्या मनाचा अल्बम.

४ ऑगस्ट

कॅसेट सुरू. डेकचे रबर बेल्ट डांबरासारखे चिकट झाले होते. दुरुस्तीवाल्याकडे १,८०० रुपये. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मी साफ केलं. काही कॅसेटमधला फीत हेडवर दाबणारा छोटा फेल्टचा तुकडा निघून पडला आहे. त्यांच्या फिती नव्या कॅसेटच्या खोक्यांत बसवून घेतल्या. स्क्रूवाल्या कॅसेट सोप्या, चिकटवलेल्या उघडताना तुटतात.

मग हेडचा कोन. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर जातात. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने, आवाज मोनो करून, झांजा सर्वांत स्पष्ट होतील तिथे थांबायचं. हे डॉल्बी, म्हणजे डेकमधली सूं सूं कमी करायची सोय, बंद ठेवून करा. वरचे स्वर आधीच कमी असतील तर डॉल्बी त्यांना आणखी दाबतं आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

११ ऑगस्ट

माय ब्लडी व्हॅलेंटाइन, 'लव्हलेस', १९९१. डेक दुरुस्त होऊनही स्वर डुलत होते. वेग बिघडला म्हणून डेक परत उघडला, बेल्ट तपासला, फीत ओढणारा कॅप्स्टन पुसला. सगळं ठीक. डुलणं केव्हिन शील्ड्सचं आहे. तो गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे तारांचा ताण बदलणारा दांडा, हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड किंचित वाकून परत सरळ होते. डेकचा वेग तपासायला यापेक्षा वाईट कॅसेट नसेल. ३,१५० हर्ट्झच्या एकसारख्या स्वराची टेस्ट टेप घ्या, किंवा पियानो असलेली एखादी ओळखीची कॅसेट वापरा. टेस्ट टेपने डेक निर्दोष ठरला. मग परत 'लव्हलेस' लावली, आणि या वेळी तक्रार नसल्यामुळे ऐकता आली.

१९ स्टुडिओ आणि दोन वर्षं लागली या अल्बमला. 'टू हिअर नोज व्हेन'मध्ये ताल कुठे, गिटार कुठे, बिलिंडा बुचरचा आवाज कुठे संपतो, काहीच ठरवता येत नाही. आवाज मोठा आहे पण अंगावर येत नाही. कॅसेटची सूं सूं त्यात इतकी मिसळते की ती काढण्याचा विचारच सोडला.

१८ ऑगस्ट

पिक्सीज, 'सर्फर रोझा', १९८८. नॉइज रिडक्शनचा निकाल इथे लागला.

पद्धत अशी की गाण्यांमधल्या शांत जागेतून सूं सूंचा नमुना घ्यायचा आणि तेवढी वजा करायची. १२ डेसिबल वजा केल्यावर कॅसेट स्वच्छ झाली आणि ड्रम मेले. रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने हे ड्रम खोलीत लांब लांब ठेवलेल्या मायक्रोफोननी घेतले होते. ठोक्यानंतर भिंतींवरून परत येणारा आवाज हाच त्या अल्बमचा कणा. तो परतावा विरत विरत सूं सूंच्या पातळीला येतो आणि प्रोग्रॅम तिथेच त्याला कापतो. 'बोन मशीन'च्या सुरुवातीचे ड्रम पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखे झाले. बँडमधल्या किम डीलचे काही स्वर बाथरूममध्ये घेतले होते, फरशीच्या घुमण्यासाठी. तेही पाण्याखाली गेल्यासारखे वाटू लागले.

६ डेसिबल करून पाहिलं, मग ३. तीनलाही 'व्हेअर इज माय माइंड?'मध्ये किमचा मागचा हुंकार कडेला झिजतो. मग शून्य. दादाला दोन्ही फाइल पाठवल्या, कुठली कोणती ते न सांगता. त्याचा फोन आला: "अरे, पहिलीत त्या खोलीचं छप्पर काढून टाकलंस का?" पहिली स्वच्छ केलेली होती. तेव्हापासून नॉइज रिडक्शन पूर्ण बंद. फक्त गाणं सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची सूं सूं हळूच चढवतो-उतरवतो.

अल्बिनीने या कामाचे एकरकमी १,५०० डॉलर घेतले आणि रॉयल्टी नाकारली. संगीत वाजवणाऱ्यांचं आहे, आपण फक्त ते टिपतो, ही त्याची शेवटपर्यंतची भूमिका होती. तो २०२४ मध्ये गेला. माझं हे काम त्याच्या कामापेक्षा फार लहान आहे, पण तो नियम मला लागू होतो असं मी धरतो.

२५ ऑगस्ट

दोन अल्बम, दोन्ही एलपी.

आर.ई.एम.चा 'मर्मर', १९८३. त्रास काहीच नाही. मायकेल स्टाइप काय गातो ते कळत नाही म्हणून ट्रेबल वाढवू नका, मुळातच शब्द तसे पुटपुटलेले आहेत. 'वुई वॉक'मधला गडगडाट म्हणजे बिलियर्डच्या चेंडूंचा वेग कमी केलेला आवाज; एलपीचा दोष नाही.

हुस्कर डूचा 'झेन आर्केड', १९८४, दोन एलपी. आवाज पातळ, गिटार मधमाश्यांच्या थव्याची, ड्रम मागे. नवी सुई बिघडली की काय म्हणून दुसरी रेकॉर्ड लावून खात्री केली. सुई ठीक. सगळा दुहेरी अल्बम ३,२०० डॉलरमध्ये झाला, जवळजवळ प्रत्येक गाणं पहिल्याच टेकमध्ये. घर सोडून निघालेल्या मुलाची गोष्ट आहे, आणि ती घाई त्या पातळ आवाजात ऐकू येते. खालचे स्वर वाढवून एक आवृत्ती केली होती, ऐकायला भरीव आणि पूर्ण चुकीची. पुसली.

१ सप्टेंबर

स्लिंट, 'स्पायडरलँड', १९९१. अडचण पातळीची. पहिल्या काही मिनिटांवरून इनपुटची पातळी लावली तर पुढचा मोठा भाग फाटतो. एकदा फाटलेला आवाज कशानेही परत जुळत नाही. 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' बराच वेळ जवळजवळ कुजबुजीत चालतं आणि शेवटी ब्रायन मॅकमॅहन जिवाच्या आकांताने ओरडतो. म्हणून रेकॉर्ड करण्याआधी प्रत्येक बाजूचा सर्वांत मोठा भाग शोधा, तो उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि मग सुरुवातीपासून घ्या. शांत भाग फार खाली दिसतो. २४ बिटमध्ये त्याने काही बिघडत नाही. नंतर नॉर्मलाइझ करताना, म्हणजे पातळी वर उचलताना, संपूर्ण बाजू एकदम करा. गाणं-गाणं वेगळं केलंत तर 'डॉन, अमन', ज्यात ड्रमच नाहीत, शेवटच्या गाण्याच्या बरोबरीचं मोठं होतं.

लुइव्हिलची विशीतली मुलं. अल्बम बाजारात आला तेव्हा बँड मोडलेला होता. कव्हरवर खाणीतल्या पाण्यात चौघांची डोकी तेवढी वर आहेत. ही एकच रेकॉर्ड मी सगळं काम संपल्यावर, फाइल तयार असताना, परत सुईवर लावून ऐकली.

८ सप्टेंबर

साठवण: एलपी २४ बिट ९६ किलोहर्ट्झला घेतले, ४० मिनिटांची कच्ची फाइल जवळजवळ १.४ जीबी होते. कॅसेटला ४८ किलोहर्ट्झ पुष्कळ. सगळं फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार), प्रत्येक बाजूची न कापलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण पुढे कुणाला वेगळं काही करायचं असेल तर मूळ हाताशी हवं. दोन हार्ड डिस्क, एक दादाकडे. डिस्क धरून नाही, बाकी एकूण खर्च १६,३५० रुपये. त्यातलं इंटरफेस आणि प्रीअँप पुढेही कामाला येतील.

तबकड्या लोखंडी रॅकवर उभ्या ठेवल्या आहेत, भिंतीपासून वीतभर लांब, प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या. 'द फॉल' या बँडच्या कॅसेट राहिल्या आहेत, त्यांना नवी खोकी आणायची आहेत.